झोपायची खोली की दुसरा माळा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

पाऊस सरत आला की ठाणे आणि नवी मुंबईतून येणाऱ्या पत्रांचा विषय जवळजवळ ठरलेला असतो: बेडरूम. पाहुण्यांना ती दिसत नाही, म्हणून घरातलं ‘सध्या राहू दे’ म्हटलेलं सगळं तिकडे सरकतं. वर चार महिन्यांची ओल. या वेळची पाच पत्रं त्याबद्दलचीच आहेत.

प्रश्न: आमचं सिडकोच्या जुन्या इमारतीत वन बीएचके आहे. बेडरूम १० बाय १०. पाच फुटी बॉक्स बेड, दोन दारांचं लोखंडी कपाट, वर माळा, कोपऱ्यात शिलाई मशीन, कपाटावर बॅगा, दारामागे कपड्यांचा ढीग. एका रविवारी सगळं बाहेर काढलं आणि संध्याकाळी थकून तसंच आत कोंबलं. सुरुवात कुठून करायची?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर: सगळं एकदम बाहेर काढलंत, तिथेच घोटाळा झाला. एवढ्याशा खोलीत पसारा मांडायला पलंगाशिवाय जागा नसते, आणि पलंग भरला की रात्री झोपण्यासाठी माणूस सगळं परत कोंबतोच. एका बैठकीला एकच कप्पा घ्या, पाऊण तास. तो पुरा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नका.

पहिल्या रात्री काहीच हलवू नका. नेहमीच्या कुशीवर आडव्या व्हा, समोर जे दिसतं त्याचा मोबाइलवर फोटो काढा. मग पलंगावर उठून बसा आणि दाराकडे दुसरा फोटो. रोजच्या सवयीने नजरेआड झालेल्या वस्तू फोटोत ठळक दिसतात. बंद कपाटातला गोंधळ झोपताना फारसा छळत नाही. कपाटावरच्या बॅगा, दारामागचं बोचकं आणि मशीनवरचे न शिवलेले कपडे छळतात. खोली शांत वाटायला हवी असेल तर हे आधी हलायला हवं. पण त्यांना जायला आत जागा लागते, म्हणून पहिला कप्पा कपाटातला सर्वांत खालचा घ्या. बहुतेक घरांत तिथे प्लास्टिकच्या पिशव्या, मिठाईचे आणि मोबाइलचे रिकामे खोके, बंद पडलेले चार्जर आणि जोडी हरवलेले मोजे असतात. त्यावर फार विचार करावा लागत नाही आणि दीड-दोन फूट जागा लगेच हाताशी येते.

निवडताना चार पिशव्या ठेवा: इथेच राहणारं, दुसऱ्या खोलीतलं, द्यायचं, टाकायचं. पाचवा एकच खोका ‘ठरत नाही’चा. त्यावर मार्करने आजपासून सहा महिन्यांनंतरची तारीख लिहा. त्या तारखेपर्यंत खोका उघडावा लागला नाही, तर आतलं दिलं तरी चालेल. मात्र खोका एकच. दोन झाले की तो नवा माळाच होतो. फोटो, पत्रं, बाळाची पहिली टोपडी असल्या वस्तू अगदी शेवटी घ्या. त्या आधी हातात आल्या की दिवस त्यातच जातो.

आता मापं. खोली १२० इंच. पाच फुटी पलंग चौकटीसकट साधारण ६२ इंच, कपाट भिंतीपासून सुमारे १९ इंच पुढे येतं. तुमचा पलंग मधोमध असेल तर दोन्ही बाजूंना २९-२९ इंच उरतात आणि कपाटाच्या बाजूला त्यातले जेमतेम १० इंच. तीन फुटी कपाटाचं एक दार १८ इंचांचं, ते तिथे पूर्ण उघडतच नाही. कपडे दारामागे साठतात ते आळसामुळे नाही, या १० इंचांमुळे. पलंग समोरच्या भिंतीकडे सरकवा, भिंतीपासून तीन इंच सोडून. मग कपाट आणि पलंगाच्या मध्ये ३६ इंच मिळतात: दार उघडतं, खाली बसून शेवटचा कप्पा लावता येतो. भिंतीकडे झोपणाऱ्याला रात्री उठताना पायथ्याकडून यावं लागतं, ही अडचण आहे. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला बाहेरची बाजू द्या.

पांघरुणांचा हिशोब सोपा आहे. एका पलंगाला चादर-अभ्र्यांचे तीन संच: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक घडीत. उन्हाळ्यात दोन पुरतात, पण जुलैत चादर वाळायला दोन दिवस लागतात म्हणून तिसरा. पाहुण्यांच्या प्रत्येक गादीला एक संच. याच्या वरच्या चादरी जुन्या असतील तर फरशी पुसायला फाडा, चांगल्या असतील तर द्या. प्रत्येक संच त्याच्याच अभ्र्यात भरून ठेवला की जोडी शोधावी लागत नाही.

आणि डबे, बास्केट, कप्प्यांच्या पट्ट्या यांतलं काहीही आधी विकत आणू नका. काय उरतं ते कळल्याशिवाय आणलेले डबे हेच पुढच्या वर्षीची अडगळ होतात.

प्रश्न: दोन वर्षांपूर्वी हायड्रोलिक बॉक्स बेड करून घेतला. आत जादा गाद्या, रजया, बॅगा भरल्या आहेत. या पावसाळ्यानंतर पलंगाला कुबट वास येतोय आणि गादी उचलली तर खाली काळे ठिपके. गादी नवी आहे. काय करावं?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: ती बुरशी आहे. झोपेत शरीरातून घाम आणि वाफ जाते, ती गादीत उतरते. खाली सलग प्लाय असल्याने तिला बाहेर पडायला वाट नसते. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे गादीची खालची बाजू चार महिने ओलसरच राहते. खालची पेटी गच्च भरलेली असेल तर तिथेही हवा खेळत नाही.

आधी भिंत तपासा. पलंगामागची भिंत बाहेरची आहे का, की पलीकडे बाथरूम आहे? रंगाचे पापुद्रे सुटत असतील किंवा स्कर्टिंगवर, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीवर, पांढरा क्षार दिसत असेल तर पाणी भिंतीतून येतंय. ते थांबवल्याशिवाय पुढचं सगळं व्यर्थ.

भिंत कोरडी असेल तर सुताराकडून वरच्या प्लायला एक इंची भोकं पाडून घ्या, साधारण दर फुटाला एक. खालच्या लाकडी पट्ट्यांवर भोक येता कामा नये, नाहीतर आधार कमजोर होतो. भोकांच्या कडा पॉलिश पेपरने घासून घ्या, गादीचं कापड अडकत नाही. पेटीच्या बाजूंना, शक्यतो समोरासमोर, दोन जाळ्या बसवा. पलंग भिंतीपासून तीन इंच पुढे.

बुरशी कोरड्या ब्रशने झाडू नका. तिचे कण सगळ्या खोलीत उडतात. मास्क लावा, खिडकी उघडा, सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवून पिळलेल्या कापडाने प्लाय पुसा. स्पिरिट पेट घेतं, म्हणून त्या वेळी खोलीत उदबत्ती, दिवा काही नको. पंख्याखाली पूर्ण दिवस उघडं ठेवा. ब्लीच वापरायचं झालं तर व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनरबरोबर कधीही नाही. त्यातून विषारी वायू निघतो. गादीच्या फक्त कापडावर ठिपके असतील तर हाच उपाय चालतो. फोमच्या आत काळं उतरलं असेल तर ती गादी वाचत नाही, नवी असली तरी. कापसाची गादी ऑक्टोबरच्या उन्हात दोन दिवस टाका. फोम आणि लेटेक्सच्या गाद्या कडक उन्हात ठेवू नका, त्या ठिसूळ होतात. त्या सावलीत, वाऱ्यावर उभ्या करा.

पेटीत काय असावं? रिकाम्या बॅगा, धुऊन खडखडीत वाळलेली पांघरुणं, पाहुण्यांच्या गाद्या, सगळं सुती खोळीत. झाकणाखाली दोन-तीन इंच मोकळे सोडा. चामड्याच्या वस्तू, पुस्तकं, फोटोंचे अल्बम आणि घराची कागदपत्रं तिथे नकोत. हवा काढून चपट्या होणाऱ्या पिशव्या सिंथेटिक रजयांना ठीक, पण कापसाच्या गोधडीचे त्यात गोळे होतात आणि किंचित ओल राहिली तर ती आतच कोंडते. ओल शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मदत करतात, पण त्यांत साठणारं पाणी खारट असतं. ते सांडलं तर कापड आणि लोखंड दोन्ही खराब होतं. डबा खोलगट ताटलीत, तळाशी ठेवा आणि दर आठवड्याला पाहा.

तुम्ही गादी बदलली आहे, म्हणून एक सावधगिरी. पलंगाचं झाकण उचलून धरणारे पंप हे झाकण आणि जुनी गादी यांच्या एकत्र वजनाला जुळवलेले असतात. नवी गादी जड असेल तर झाकण वर टिकत नाही, हलकी असेल तर नीट बसत नाही. पंपावर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो; तो दाखवून योग्य जोडी घ्या, एकटा पंप कधी बदलू नका. तोपर्यंत आत वाकताना झाकणाला जाड लाकडी टेकू लावा. मुलांना पलंग उघडू देऊ नका.

प्रश्न: सासूबाईंची नऊवारी लुगडी आणि दोन पैठण्या बेडरूमच्या कपाटात आहेत. डांबरगोळ्यांच्या वासाने डोकं दुखतं, गोळ्या काढल्या तर कसर लागेल अशी भीती. सुनेला आता बाळ झालं आहे आणि ते याच खोलीत झोपतं.
— एक आजी, नौपाडा, ठाणे

उत्तर: आजी, गोळ्या आजच काढा. त्यांतलं नॅफ्थलीन हवेत मिसळतं आणि श्वासातून शरीरात जातं. ज्या बाळांमध्ये जी६पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटू शकतात आणि कावीळ वाढते. बाळाची दुपटी त्या कपाटात असतील तर नुसती उन्हात टाकून वापरू नका, आधी धुवा. डांबरगोळ्यांऐवजी कापूरही नको. पोटात गेला तर लहान मुलांना तो घातक आहे.

कसर लागते ती खळीला, घामाला, सांडलेल्या अन्नाच्या डागांना. म्हणून ठेवणीतल्या वस्त्राला खळ किंवा स्टार्च करायचा नाही. नेसलेली पैठणी रात्रभर पंख्याखाली सावलीत पसरायची, मगच घडी. प्लास्टिकच्या कव्हरातून काढा आणि धुतलेल्या, बिनरंगी मलमलीत सैल गुंडाळा. जरीचा पदर आतल्या बाजूला, त्यावर दुसरं मलमल. तीन-चार महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घाला, नाहीतर जरीचा धागा त्याच रेषेवर तुटतो. लोखंडी हँगरवर टांगू नका. गंजाचा डाग रेशमातून निघत नाही आणि जड जरीने कापड ताणलं जातं.

वेखंडाचे तुकडे किंवा सावलीत वाळवलेला कडुलिंबाचा पाला पुरचुंडीत बांधून कप्प्याच्या कोपऱ्यात ठेवा, कपड्याला न लागता आणि बाळाच्या हाती न लागता. दर तीन महिन्यांनी बदला. कीड त्याने दूर राहते, मरत नाही. खरी राखण स्वच्छ, कोरड्या घडीचीच.

प्रश्न: मी रात्रपाळीला असतो, सकाळी झोपतो. खोली आवरली, टेबल बाहेर काढलं, तरी डोळा लागत नाही.
— एक वाचक, ऐरोली

उत्तर: तुमचा शत्रू पसारा नाही, प्रकाश आहे. पडदा खिडकीएवढाच असेल तर कडांतून ऊन येतं. रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच आणि वर चार इंच जास्त घ्या, पडदा अस्तराचा आणि खिडकीच्या खाली निदान सहा इंच उतरणारा. वरून येणारी तिरीप पेलमेटने, म्हणजे रॉड झाकणाऱ्या पट्टीने, थांबते. राउटर, एसी, एक्स्टेन्शन बोर्ड यांचे दिवे काळ्या चिकटपट्टीने झाका. फोन खोलीबाहेर चार्जिंगला लावा आणि उठायला साधं घड्याळ आणा, म्हणजे उशाजवळची वायरींची जुडीही जाते. झोपण्याआधी लागणारा दिवा २७०० केल्विनचा पिवळसर असू द्या; ६५०० चा पांढरा दिवा स्वयंपाकघरात शोभतो.

प्रश्न: नवरा काहीच टाकू देत नाही. जुन्या फाइली, वायरी, तीन बंद मोबाइल, सगळं बेडरूममध्ये. त्यांच्या नकळत टाकावं का?
— एक वाचक, खारघर

उत्तर: नकळत नको. एक वस्तू गेल्याचं कळलं की पुढच्या दहा जास्त घट्ट धरल्या जातात. त्यांना कपाटातला एक कप्पा पूर्ण द्या, दार असलेला. त्यात काय ठेवायचं ते त्यांनी ठरवावं, तुम्ही हात लावायचा नाही. कप्प्याबाहेर मात्र काही नाही. जागा आखलेली असली की निवड त्यांना स्वतःलाच करावी लागते.

फाइलींमधून घराचा नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (त्या नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि सिडकोची मूळ कागदपत्रं आधी वेगळी काढा, स्कॅन करा, चेनच्या फोल्डरमध्ये वरच्या कोरड्या कप्प्यात ठेवा. बंद उपकरणांची वॉरंटी कार्डं आणि माहितीपत्रकं रद्दीत. बंद मोबाइल घरच्या कचऱ्यात किंवा भंगारवाल्याकडे देऊ नका. आतला डेटा पुसून, सिम आणि मेमरी कार्ड काढून अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. फुगलेली बॅटरी असलेला फोन तर आजच वेगळा करा: दाबू नका, चार्जिंगला लावू नका, तो देईपर्यंत कपड्यांपासून दूर, पत्र्याच्या उघड्या डब्यात ठेवा.