पावसाळ्यात उपग्रहाला खाजन दिसते का?

प्रश्न – पेडणे तालुक्यात नदीकाठी आमचे खाजन शेत (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन) आहे. बांधाला खांड (भगदाड) पडली की खारे पाणी कुठवर शिरले, ते सेंटिनेल-2 या उपग्रहाच्या चित्रांत पाहायचे असते. पण ढगांची मर्यादा 20 टक्के ठेवली तर जुलैत एकही चित्र मिळत नाही. एका तारखेला शेत ढगांविना मोकळे दिसले, तेव्हा हिरवेपणाचा आकडा (एनडीव्हीआय) एकदम घसरलेला, पीक मात्र ठीक होते. असे का?

उत्तर – ती 20 टक्क्यांची अट आधी काढा. तो आकडा तुमच्या शेताचा नसतो, सुमारे 110 किलोमीटर लांब-रुंद चित्राच्या अख्ख्या चौकटीचा असतो. घाटमाथा ढगांत बुडालेला असताना किनाऱ्याकडे उघडीप असू शकते. मर्यादा 100 वर नेऊन दर तारखेला आपलाच तुकडा तपासा.

मोकळे दिसलेले शेत बहुधा ढगाच्या सावलीत किंवा विरळ ढगाखाली होते. हा उपग्रह स्थानिक सूर्यवेळेनुसार सकाळी साडेदहाच्या (घड्याळात अकराच्या) सुमारास जातो. एक किलोमीटर उंचीवरच्या ढगाची सावली जूनमध्ये त्याच्या पश्चिमेला सुमारे 400 मीटरवर पडते. चित्रासोबत एससीएल नावाचा थर येतो; चित्राच्या प्रत्येक बारीक चौकोनात (पिक्सेल) काय आहे, ते तो क्रमांकाने सांगतो. त्यात 3 (सावली), 8, 9 (ढग) आणि 10 (विरळ ढग) या क्रमांकांचे चौकोन वगळा. ढगाची कड या थरातून बरेचदा सुटते, म्हणून कडेचे आणखी दोन-तीन चौकोन सोडून द्या.

खांडीसाठी मात्र सेंटिनेल-1 या उपग्रहाचे रडारच हवे. त्याच्या लहरी साडेपाच सेंटीमीटरच्या. ढगातले सूक्ष्म थेंब त्यांना अडवत नाहीत. संथ पाणी काळे दिसते. वाऱ्याने पाणी हलले की व्हीव्ही चित्र (लहर उभी पाठवून उभीच टिपलेले) उजळते आणि फसगत होते, म्हणून व्हीएचही (उभी पाठवून आडवी टिपलेले) पाहा. तुलना एकाच कक्षेतल्या चित्रांची करा. एक चौकोन 100 चौरस मीटरचा आणि रडारचे चित्र ठिपकेदार, त्यामुळे 500 चौरस मीटरच्या कोपऱ्यावरून निष्कर्ष काढू नका. पूर्ण शेताची सरासरी घ्या.

खरी अडचण पुढे आहे. लावणीच्या वेळचे पावसाचे पाणी आणि खांडीतून आलेले खारे पाणी रडारला सारखेच काळे. लावणीनंतर महिना-दीड महिन्यात रोप वाढले की व्हीएच उजळत जाते. शेजारची शेते उजळली आणि आपला तुकडा काळाच राहिला, तर तिथे पीक बुडाले किंवा मेले असे समजा. खारेपणा मात्र शेतातच मोजावा लागतो. मातीच्या अर्काची विद्युतवाहकता 3 डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की साध्या भाताचे उत्पन्न घटू लागते. कोरगुट हा खाजनातला भात त्याहून जास्त मीठ सोसतो.