एआय एजंट घरातली सगळी स्मार्ट उपकरणं आपोआप शोधून चालवू शकेल का?

काही शोधेल, पण ते काम एजंटकडे देऊच नका. तुमचं होम असिस्टंट (घरातली उपकरणं एका जागेवरून चालवणारं सॉफ्टवेअर, म्हणजे तुमचा हब) डॉकरवर, म्हणजे कंटेनर नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालतं. घरात तुया कंपनीची स्विच पॅनल, झिगबी या वायरलेस पद्धतीचे दिवे, गीझर आणि रिमोटवरचा एसी आहे. एजंटला नेटवर्क स्कॅन करायचं टूल दिलंत, तरी निम्मी उपकरणं सापडत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. ते टूल आधी काढून टाका.

स्कॅनमध्ये उपकरण दिसलं म्हणजे ते हातात आलं असं नसतं. झिगबीचे दिवे आयपी नेटवर्कवर नसतातच, ते कोऑर्डिनेटरच्या, म्हणजे त्यांना हबशी जोडणाऱ्या यंत्राच्या पलीकडे असतात. मॅटर या स्मार्ट-होम मानकाचं उपकरण दिसतं, पण ११ आकडी कोड देऊन जोडून घेतल्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. तुयाला लोकल की (त्या उपकरणाची गुप्त किल्ली) लागते, आणि पॅनल रीसेट करून पुन्हा जोडलं की ती बदलते. या किल्ल्या हबकडे असतात, तेव्हा शोध हबनेच घ्यावा.

डॉकरमध्ये कंटेनर ब्रिज नेटवर्कवर असेल तर एमडीएनएसचं मल्टिकास्ट (उपकरणं 'मी इथे आहे' म्हणून नेटवर्कवर सगळ्यांना देतात ती हाक; २२४.०.०.२५१, पोर्ट ५३५३) आत पोचत नाही. नेटवर्क मोड होस्ट करा. उपकरणं वेगळ्या व्हीलॅनवर (राउटरने वेगळ्या केलेल्या उपनेटवर्कवर) असतील तर राउटरवर ही हाक पलीकडे पोचवणारा एमडीएनएस रिफ्लेक्टरही लागेल. ईएसपी चिपवर घरी बनवलेली उपकरणं एमक्यूटीटी (उपकरणांचे मेसेज मधल्या सर्व्हरमार्फत पोचवण्याची पद्धत) डिस्कव्हरीने जोडली असतील तर कॉन्फिगचा मेसेज रिटेन करून, म्हणजे सर्व्हरवर राखून ठेवायला सांगून पाठवा, नाहीतर रीस्टार्टनंतर तो मेसेज पुन्हा येईपर्यंत ती हबला सापडणार नाहीत.

एजंट जोडायला होम असिस्टंटच्या २०२५.२ आवृत्तीपासून एमसीपी (एआयला बाहेरची टूल जोडायची प्रमाणित पद्धत) सर्व्हरचं इंटिग्रेशन आहे. त्यातून एजंटला फक्त एक्स्पोज केलेल्या, म्हणजे तुम्ही उघडून दिलेल्या एंटिटी (उपकरणाचं एकेक बटण, सेटिंग किंवा सेन्सर) दिसतात. 'सगळं एक्स्पोज करा, मॉडेल हुशार आहे, बघून घेईल' हा सल्ला या धंद्यात सर्रास दिला जातो आणि माझं भांडण नेमकं त्याच्याशी आहे. चार बटणांचं पॅनल जोडलं की नावं येतात स्विच १, स्विच २, स्विच ३, स्विच ४. शिवाय प्रत्येक बटणाचा काउंटडाउन, चाइल्ड लॉक, बटणातला दिवा, वीज आल्यावर काय करायचं त्याचं सेटिंग, हे सगळं वेगळ्या एंटिटी म्हणून येतं. अशी दोन पॅनल दोन खोल्यांत असली आणि खोली नेमून दिलेली नसली, तर 'हॉलचा पंखा बंद कर' म्हटल्यावर मॉडेलने काय ओळखायचं? ते अंदाजाने कुठलं तरी बटण दाबतं, 'पंखा बंद केला' म्हणून सांगतं, आणि दोष मॉडेलला मिळतो.

म्हणून आधी सगळं अनएक्स्पोज करा. मग रोज तोंडाने ज्यांची नावं घेता तेवढ्याच एंटिटी एकेक करून उघडा. प्रत्येकीला खोली नेमून द्या आणि देवनागरीत उपनावं द्या: हॉलचा पंखा, बैठकीतला पंखा, बाहेरचा पंखा, घरात जे म्हणत असतील ते. पंख्याचं बटण स्विच म्हणून ठेवू नका. होम असिस्टंटच्या हेल्पर या सोयीत स्विचचा प्रकार बदलता येतो, तो पंखा किंवा दिवा करा. हे केलं नाही तर 'सगळे दिवे बंद कर' या हुकमात त्या पॅनलवरचे दिवे येतच नाहीत.

गीझरचा स्विच थेट उघडू नका. त्याची स्क्रिप्ट (ठरवून दिलेल्या पायऱ्यांची यादी) करून तेवढी उघडा, पण स्क्रिप्टमधल्या २० मिनिटांच्या डिलेवर विसंबू नका. मधे होम असिस्टंट रीस्टार्ट झालं की स्क्रिप्ट संपते आणि गीझर चालूच राहतो. बंद होण्याची वेळ उपकरणातच बसवा. उपकरणात टॅस्मोटा हे फर्मवेअर असेल तर पल्सटाइम १३०० ठेवा; त्यात १०० वजा करून सेकंद मोजतात, म्हणजे १२०० सेकंद. पॉवरऑनस्टेट (वीज आल्यावरची स्थिती) ० ठेवा, नाहीतर वीज गेली-आली की गीझर आपला आपण पुन्हा सुरू होतो. २००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर घेतो. तो १० अँपिअरच्या प्लगवर रोज चालवला तर प्लगचे कॉन्टॅक्ट तापून खराब होतात, तिथे १६ अँपिअरचाच हवा.

रिमोटवरच्या एसीचा त्रास वेगळा. इन्फ्रारेड एकतर्फी असतं. हबने कोड फेकला की त्याच्या लेखी एसी बंद झाला, मग मधे पडदा असो की कुणी हाताने परत लावलेला असो. एसीला वीज मोजणारा १६ अँपिअरचा प्लग लावा आणि वॉटवरून चालू-बंद ठरवणारा टेम्प्लेट सेन्सर (दुसऱ्या आकड्यावरून हिशेब करणारा सेन्सर) बनवून तो उघडा. एसी बंद असताना किती वॉट दाखवतो ते पाहून त्याच्या थोडी वर मर्यादा ठेवा. 'केलं' म्हणण्याआधी हा सेन्सर वाचायचा, असं एजंटच्या सूचनांत स्पष्ट लिहा.

आणखी एक. एक्स्पोजची गाळणी फक्त एमसीपीच्या दारावर आहे. एजंटला दिलेलं लाँग-लिव्ह्ड टोकन (पासवर्डऐवजी चालणारी किल्ली) १० वर्षं चालतं, आणि ज्या युझरचं टोकन त्याचे सगळे हक्क त्यात येतात. एजंटला कमांड चालवायची मुभा असेल तर तो तेच टोकन घेऊन थेट रेस्ट एपीआयवर (होम असिस्टंटच्या दुसऱ्या, प्रोग्रामसाठीच्या दारावर) जाऊ शकतो, तिथे तुमची यादी लागू नाही. त्यामुळे टोकन अॅडमिनचं नको, त्यासाठी वेगळा युझर करा आणि अशा एजंटला शेल, म्हणजे कमांड चालवायची सोय देऊ नका. होम असिस्टंटचं ८१२३ पोर्ट इंटरनेटवर उघडू नका. दाराचं लॉक आणि पाण्याची मोटर या यादीत नकोतच. बाहेरून आलेला मजकूर, ईमेल असो की कॅलेंडरचं निमंत्रण, वाचून त्यातल्या सूचना पाळणारे एजंट आज आहेत, तोवर तरी नकोत.