सेल्फ घेते, पकडते, पण टिकत नाही

या वेळच्या प्रश्नांमध्ये तक्रार एकच आहे. सेल्फ व्यवस्थित फिरतो, इंजिन पकडतं आणि मग मान टाकतं. कारणं मात्र प्रत्येक गाडीची वेगळी निघाली. अशा गाडीजवळ गेलो की मी आधी एवढंच विचारतो: इंजिन नेमकं केव्हा बंद पडलं? दोन सेकंदांनी की दहा? चावी सोडताना की ॲक्सिलरेटरवरचा पाय काढताना? थंड असताना की तापल्यावर? शक्य असेल तर मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. डॅशबोर्डवरचे दिवे आणि आरपीएमचा काटा त्यात दिसू द्या. गॅरेजमध्ये तो व्हिडिओ तुमच्या वर्णनापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

प्रश्न: चावी फिरवली की गाडी लगेच सुरू होते आणि बरोबर दोन सेकंदांत बंद पडते. कितीही वेळा केलं तरी दोनच सेकंद. फ्युएल पंप बदलून झाला, फरक पडला नाही.

पंप बदलण्याआधी हा प्रश्न आला असता तर बरं झालं असतं. पंप किंवा फिल्टर खराब असेल तर बंद पडण्याची वेळ बदलते. कधी चार सेकंद, कधी दहा, आणि जाताना इंजिन गचके खातं. तुमचं इंजिन बटण दाबून बंद केल्यासारखं, ठरल्या वेळी बंद होतंय. याचा अर्थ कोणीतरी ते मुद्दाम बंद करतंय, आणि तो बहुतेक इमोबिलायझर आहे. बऱ्याच गाड्यांत चावीतली चिप ओळखता आली नाही तर इंजिन क्षणभर चालू देऊन मग पेट्रोल तोडलं जातं. काही गाड्यांत तर सेल्फही फिरत नाही.

चावी ऑन केल्यावर डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलूप असलेल्या गाडीचं चिन्ह लुकलुकत राहतं का, ते पाहा. मग दुसरी चावी वापरा, आणि तीही जुडग्यातून सुटी करून. एकाच रिंगमध्ये दोन चिपच्या चाव्या असल्या तरी वाचनात गोंधळ होतो. त्या चिपला स्वतःची बॅटरी नसते. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं एक कडं असतं, ते तिला वीज पुरवतं आणि तिचा नंबर वाचतं. म्हणून रिमोटचा सेल नवा घातला तरी हा दोष जात नाही. दुसऱ्या चावीने गाडी टिकली तर पहिली चावी खराब. दोन्हींनी नाही टिकली तर ते कडं, त्याचं कनेक्शन किंवा इमोबिलायझरचं युनिट तपासायला हवं. बटण स्टार्टच्या गाडीत सेल उतरलेला फॉब (चावीऐवजीचा रिमोट) धरण्याची एक ठरलेली जागा असते, ती मालकाच्या पुस्तिकेत दाखवलेली असते.

प्रश्न: जुनी कार्बोरेटरची गाडी आहे. चावी स्टार्टवर धरून ठेवली तोवर इंजिन पकडतं. चावी सोडली की त्याच क्षणी बंद. कार्बोरेटर दोनदा उघडून साफ केला.

कार्बोरेटरला आता सोडा. चावी सोडल्याक्षणी जे बंद पडतं ते विजेचं काम असतं. पेट्रोल कमी पडत असतं तर फ्लोट चेंबरमधल्या (कार्बोरेटरच्या छोट्या टाकीतल्या) साठ्यावर इंजिन थोडा वेळ तरी चाललं असतं.

अशा बऱ्याच गाड्यांत इग्निशन कॉइलला, म्हणजे ठिणगीसाठी वीज वाढवणाऱ्या कॉइलला, वीज दोन वाटांनी येते. सेल्फ फिरत असताना बॅटरीचा व्होल्टेज खाली येतो, म्हणून तेवढ्यापुरती कॉइलला थेट वीज मिळते. चावी ऑनवर परत आली की तीच वीज बॅलास्ट रेझिस्टरमधून किंवा रेझिस्टन्स वायरमधून फिरून, कमी होऊन येते. हा रेझिस्टर जळाला की पहिली वाट शाबूत आणि दुसरी तुटलेली. तुमच्या गाडीचं वागणं अगदी तसंच आहे. इग्निशन स्विचमधला ऑनचा कॉन्टॅक्ट झिजला तरीही हेच होतं, आणि हा दुसरा दोष इंजेक्शनच्या गाड्यांतही येतो.

चावी ऑन ठेवून कॉइलच्या प्लसला टेस्ट लॅम्प लावा. दिवा लागलाच नाही तर रेझिस्टरच्या अलीकडे वीज आहे का ते पाहा. अलीकडे आहे आणि पलीकडे नाही, म्हणजे रेझिस्टर गेला. अलीकडेही नसेल तर स्विच. परीक्षा म्हणून बॅटरीपासून कॉइलला क्षणभर थेट वायर देऊन पाहायला हरकत नाही, पण ती वायर तशीच ठेवून गाडी चालवू नका. कॉइल तापेल आणि प्लॅटिनम पॉइंट जळतील.

प्रश्न: पेट्रोल इंजेक्शनची गाडी पाच-दहा सेकंद चालते, गचके खाते आणि बंद पडते. चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारला तर थोडी जास्त चालते. पंपाच्या प्लगवर मल्टिमीटरने पाहिलं, पूर्ण १२ व्होल्ट येतात. पंपही नवा आहे.

चावी ऑन-ऑफ करण्याची तुमची युक्ती फार मोलाची माहिती देते. चावी ऑन केली की पंप दोन-तीन सेकंद चालून लाइनमध्ये प्रेशर भरतो. मागच्या सीटखालून घूंऽऽ असा आवाज येतो तो हाच. तीन-चार वेळा केल्यावर गाडी जास्त चालते, याचा अर्थ एका वेळेत पुरेसं प्रेशर भरत नाही. इंजिन साठलेल्या प्रेशरवर सुरू होतं आणि तो साठा संपला की बंद पडतं.

मग १२ व्होल्ट येऊनही पंप कमी का पडतो? तुम्ही प्लग काढून मोजलंत म्हणून. तेव्हा त्या वायरमधून करंट जवळजवळ वाहतच नाही. आतल्या दहा तारांपैकी नऊ तुटून एकच उरली असली तरी मीटर १२ दाखवतो. पंप जोडला, त्याने पाच-सहा अँपिअर ओढले, की त्या एका तारेला ते झेपत नाही आणि पंपापर्यंत आठ-नऊ व्होल्टच पोचतात. या चुकीपायी चांगले पंप बदललेले मी इतके पाहिले आहेत की इथे थांबून नीट सांगावंसं वाटतं.

पंप जोडलेला ठेवा. मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरा पंपाच्या प्लस वायरवर, प्लगच्या मागच्या बाजूने. मदतनीसाला सेल्फ मारायला सांगा. वाटेत किती व्होल्ट हरवतात ते मीटर दाखवेल. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक, त्याहून जास्त असेल तर दोष रिले, फ्यूजची पकड किंवा मधल्या जोडात आहे. मग हीच मोजणी बॅटरीच्या मायनसपासून पंपाच्या मायनसपर्यंत करा. ही दुसरी मोजणी बहुतेक जण करतच नाहीत, आणि गंजलेली अर्थिंग तिथेच लपलेली असते. काही नव्या गाड्यांत पंपाचा वेग वेगळं मॉड्यूल ठरवतं. तिथे ही सरळ मोजणी चालत नाही, स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती आणि दोषांचे कोड वाचणारं यंत्र) लागतो.

वीज पूर्ण मिळत असेल तर प्रेशर गेज लावा. साध्या पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांत साधारण ३ ते ४ बार असतं. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. इंजिन बंद पडण्याआधी काटा खाली आला तर दोष पेट्रोलकडे: चोंदलेला फिल्टर, टाकीतली जाळी किंवा प्रेशर रेग्युलेटर. काटा स्थिर असताना इंजिन बंद पडलं तर पंपाचा नाद सोडा. लाइन उघडताना आधी प्रेशर उतरवा, जवळ ठिणगी होऊ देऊ नका, अग्निशामक हाताशी असू द्या. डायरेक्ट इंजेक्शनची उच्च दाबाची लाइन घरी उघडू नका.

आणखी एक. दोन-तीन सेकंदांचं ते भरणं झाल्यावर, इंजिन फिरतंय असा क्रँक सेन्सरचा (इंजिनचं फिरणं ओळखणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल असेल तरच ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पंप चालू ठेवतो. तो सिग्नल मध्येच तुटला तर पंपही थांबतो. चांगला पंप बिघडल्यासारखा दिसण्याचं हेही एक कारण आहे.

प्रश्न: ॲक्सिलरेटर थोडा दाबून ठेवला तर गाडी चालू राहते, पाय काढला की बंद. नवीन बॅटरी बसवल्यानंतर हे सुरू झालं.

बॅटरी निर्दोष आहे, पण ती काढली तेव्हा ईसीयूची आठवण पुसली गेली. थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या भागात) कार्बन साठत जातो, तसा स्लो रनिंगला हवेचा मार्ग अरुंद होतो. ईसीयू तेवढ्याच बेताने झडप किंचित जास्त उघडायला शिकत जातो, त्यामुळे तुम्हाला काहीच कळत नाही. बॅटरी निघाली आणि तो पुन्हा कोऱ्या गाडीच्या हिशोबावर आला. कार्बन मात्र होता तिथेच आहे.

थ्रॉटल बॉडी साफ करून आयडल रीलर्निंग करून घ्या, म्हणजे स्लो रनिंगचा हिशोब ईसीयूला पुन्हा शिकवा. त्याची पद्धत प्रत्येक मॉडेलची वेगळी असते, काहींना स्कॅनर लागतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी चावी ऑन असताना बोटाने ढकलू नका. बोटही सापडतं आणि आतले गिअरही बिघडतात.

एवढ्याने भागलं नाही तर एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा रबरी पाइप हाताने वाकवून पाहा. त्याच्या घड्यांमधली चीर सरळ असताना दिसत नाही. तिथून शिरणारी हवा एअर फ्लो सेन्सरने मोजलेली नसते, त्यामुळे पेट्रोल कमी पडतं. स्कॅनरवर पी०१७१ (मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचा कोड) दिसला तर या शंकेला बळ मिळतं. सेन्सरचा प्लग काढल्यावर इंजिन उलट टिकायला लागलं, तर सेन्सरचं माप चुकतंय किंवा हवा चोरून येतेय. गळती शोधायला तापलेल्या इंजिनवर पेटणारे स्प्रे मारू नका, गॅरेजमध्ये धुराची चाचणी करून घ्या.

प्रश्न: पेट्रोल भरल्यानंतरच गाडी सुरू होऊन बंद पडते. एरवी काही त्रास नाही.

पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला आहे. टाकीतली पेट्रोलची वाफ कॅनिस्टरमधून (ती वाफ साठवणाऱ्या डब्यातून) तो इंजिनकडे सोडतो. टाकी भरताना वाफ भरपूर होते, आणि ती नको तेव्हा आत गेली की मिश्रण गच्च होतं, म्हणजे त्यात पेट्रोल जास्त होतं. व्हॉल्व्ह काढून, वीज न देता त्यात फुंकर मारायचा हातपंप लावून पाहा. हवा आरपार गेली तर बदला. आणि नॉझल आपोआप बंद झाल्यावर वर आणखी पेट्रोल भरायची सवय असेल तर ती सोडा. त्याने कॅनिस्टरमध्ये ओलं पेट्रोल जातं.

प्रश्न: डिझेल गाडी आहे. रात्रभर उभी राहिली की सकाळी सुरू होते, अर्ध्या मिनिटात बंद पडते. मग खूप वेळ सेल्फ मारावा लागतो. डिझेल फिल्टर बदलल्यापासून हे चाललंय, पण कुठेही गळत नाही.

लाइनने हवा धरली आहे. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढलं जातं तिथे आत दाब नसतो, उलट ओढ असते. म्हणून ढिल्या जोडातून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते आणि खाली थेंबही दिसत नाही. रात्रीतून डिझेल मागे टाकीकडे उतरतं. सकाळी फिल्टर आणि पंपात उरलेल्या डिझेलवर इंजिन अर्धा मिनिट चालतं.

फिल्टरची सील, ओ-रिंग आणि क्लिप पुन्हा तपासा. फिल्टरनंतर पारदर्शक नळीचा तुकडा बसवला तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतील. हँड प्रायमर (हाताने दाबून डिझेल भरायचा पंप) असेल तर सकाळी आधी तो दाबून घट्ट करा. तसं केल्यावर गाडी टिकली तर निदान पक्कं. दोन गोष्टी मात्र अजिबात नकोत. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मारायचा नाही, तो इनटेकमध्येच पेट घेऊ शकतो. आणि कॉमन रेल इंजिनची उच्च दाबाची पाइप एअर काढण्यासाठी सैल करायची नाही. तिथला दाब १००० बारच्या वर जाऊ शकतो आणि डिझेलची धार कातडी भेदून आत जाते.

प्रश्न: वीस मिनिटं गाडी छान चालते, मग बंद पडते. सेल्फ फिरतो पण पकडत नाही. अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही अशी सुरू होते. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत ठणठणीत, कोडही नाही.

माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर. अनेक गाड्यांत त्याच्या आत बारीक तारेचं वेटोळं असतं. तापून प्रसरण पावल्यावर तार सुटते, गार झाली की पुन्हा टेकते. म्हणून थंड सेन्सर मोजून काहीच हाती लागत नाही, आणि कोड नाही म्हणजे दोष नाही असंही होत नाही. एखादा साधा स्कॅनर गाडीत ठेवा. पुढच्या वेळी बंद पडली की गाडी सुरक्षित जागी असताना सेल्फ मारत आरपीएमचा आकडा पाहा. सेल्फवर इंजिन साधारण २०० आरपीएमने फिरतं. स्कॅनर शून्य दाखवत असेल तर सेन्सर किंवा त्याची वायर. आकडा नीट येत असेल तर त्याच वेळी पंपाचा आवाज ऐका आणि स्पार्क तपासून घ्या, गार होण्याआधी.

चालत्या गाडीचं इंजिन असं बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा बूस्टर एक-दोन दाबांपुरताच साथ देतो. ब्रेक पुन्हापुन्हा सोडू-दाबू नका, एकदाच घट्ट दाबून धरा आणि गाडी कडेला घ्या. दोष सापडेपर्यंत ती वेगाच्या रस्त्यावर नेऊ नका.