खाणपट्टा दुसऱ्याला का गेला?

प्रश्न: तुर्भ्याच्या दगडखाणीसाठी आमच्या संस्थेचा अर्ज आधीचा, पण पट्टा नंतरच्या अर्जदाराला मिळाला. दाद कशी मागावी? – एक वाचक, नवी मुंबई

उत्तर: ‘आमचा अर्ज आधीचा’ या एकाच मुद्द्यावर लढू नका. दगड हे गौण खनिज, म्हणजे बांधकामाच्या दगड-वाळूसारखे खनिज. 1957च्या खाण कायद्याच्या कलम 15नुसार त्याचे नियम राज्य ठरवते. आणि ‘आधी येईल त्याला आधी’ ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली टू-जी (मोबाइल सेवेच्या परवान्यांच्या) प्रकरणात सदोष ठरवून 122 परवाने रद्द केले. सार्वजनिक संपत्तीवर सर्वांना समान संधी हवी, आणि ते योग्यच आहे.

खरा प्रश्न असा: दोन्ही अर्जांना एकच कसोटी लावली का? माहिती अधिकारात जिल्हा खनिकर्म शाखेकडून आवक नोंदवही, दोन्ही स्थळपाहणी अहवाल, मोजणी नकाशे आणि विशेषतः टिपणीची पाने (फायलीत अधिकाऱ्यांनी लिहिलेले शेरे) मागा. शुल्क 10 रुपये, मजकूर दीडशे शब्दांत, विषय एकच. नाहीतर अर्ज अडू शकतो. उत्तराची मुदत 30 दिवस.

बहुतेकदा घोळ त्रुटीपत्रात, म्हणजे अर्जातल्या उणिवा कळवणाऱ्या पत्रात, सापडतो: एकाला कागद पुरे करायला मुदत, दुसऱ्याचा अर्ज थेट निकाली. तसे दिसले तर पट्टा नाकारल्याविरुद्धच्या अपिलात तोच मुद्दा पहिला मांडा. नाकारण्याच्या आदेशात कारणच नसेल तर तेही लिहा.