लाईन म्हणजे मुळात सूत

प्रश्न : माझी मंगळवेढ्याजवळ जमीन आहे. बरीचशी कोरडवाहू, थोडी विहिरीवर भिजते. परवा पुण्यात शिकणाऱ्या नातवाला फोनवर म्हणालो, "या आठवड्यात रात्रीची लाईन आहे, म्हणून दिवसा झोपतो." म्हणजे विहिरीवरच्या मोटारीला वीज रात्रीच मिळणार. तो हसला. म्हणाला, "आजोबा, लाईन म्हणजे रेघ. रेघ कधी रात्रीची असते का? पॉवर म्हणा." बाई, आम्ही जन्मभर चुकीचंच बोलत आलो का?

उत्तर : नाही दादा, चुकीचं नाही. नातवाला रागावू नका, त्यानं सांगितलेला अर्थ खराच आहे. पण तो नंतरचा. रेघ ही लेक झाली, आणि तिची आई तुमच्याच रानात उभी असेल. ज्वारीच्या नाहीतर हरभऱ्याच्या कडेला चार तासं (ओळी) जवस पेरता ना? निळ्या फुलांचं? त्या जवसाला लॅटिन भाषेत 'लिनुम' म्हणतात. त्याच्या खोडाच्या सालीतून धागा निघतो, त्याचं कापड ते लिनन. त्या धाग्याची वळलेली दोरी ती 'लिनेआ'. आणि 'लिनेआ'वरून आली ती लाईन.

तुम्ही म्हणाल, आमच्या जवसातून कुठे धागा निघतो? आपलं जवस बुटकं, भरपूर फांद्या फुटणारं, तेलबियांसाठी जोपासलेलं. युरोपातलं धाग्याचं जवस उंच आणि सरळसोट वाढतं. पण जात एकच. लिनियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानं १७५३ साली तिचं शास्त्रीय नाव ठेवलं त्याचा अर्थच 'फार फार उपयोगाचं' असा आहे. युरोपातल्या लोकांनी ते झाड उपटून पाण्यात कुजवलं, झोडपलं, लोखंडी दातांच्या फणीतून विंचरलं आणि अंगावर घातलं. आपल्याला अंगावर घालायला कापूस होता, म्हणून आपण जवसाची चटणी केली. विंचरताना जे लांब, सरळ तंतू हातात राहतात त्यांना त्या धंद्यात आजही 'लाईन'च म्हणतात.

आता दोरीची रेघ कशी झाली? हे मला पुस्तकानं शिकवलं नाही, गल्लीनं शिकवलं. आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात, मागवाल्यांच्या वस्तीत. वडील मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, आई घरी चरख्यावर कांड्या भरायची. शेजारपाजार सगळा तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकर घरांचा. पहाटे पांजणी निघायची, म्हणजे विणण्याआधी ताण्याच्या उभ्या सुतांना खळ लावायचं काम. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताण्याची शेकडो सुतं लाकडी घोड्यांवर पसरलेली, आणि खळीत भिजवलेले कुंचले घेऊन माणसं त्यांच्या बाजूनं पुढंमागं चालतायत. उन्हं वर यायच्या आत काम उरकायला हवं. आम्ही पोरं दप्तर पोटाशी धरून खालून वाकून जायचो. वेणी जरी सुताला लागली तरी ओरडा बसायचा. त्या गल्लीत भिंती वाकड्या होत्या, गटार वाकडं होतं, रस्ता तर होताच वाकडा. सरळ अशी एकच गोष्ट होती, तो ताणलेला ताणा.

ज्याला जगात पहिल्यांदा सरळ रेघ हवी झाली असेल, त्यानं दुसरं काय केलं असतं? दोन टोकांना सूत ताणलं असतं. गवंडी अजून तेच करतो. पहिला थर लावण्याआधी तो जी बांधतो तिला आपण 'लाईनदोरी' म्हणतो, म्हणजे मुळाशी गेलं तर 'दोरीदोरी'. सुतार रंगात बुडवलेलं सूत फळीवर ताणतो, मधे चिमटीत उचलून सोडतो, की फळीवर टण्णकन रेघ उमटते. रोमन सुतारही खडू लावलेल्या 'लिनेआ'नं हेच करत. आणि आपल्या 'सुतार' शब्दात तरी काय आहे? तो 'सूत्रधार'वरून आला, सूत धरणारा. उनाड मुलाला आपण सुतासारखा सरळ करतो, नाहीतर लाईनीवर आणतो. ही दोन्ही वाक्यं एकच आहेत, हे कळायला मला पन्नाशी उलटावी लागली.

शेजारच्या अक्का कांडीवरच्या सुताला 'नूलु' म्हणायच्या. पुढे कळलं की तमिळमध्ये 'नूल' म्हणजे सूतही आणि ग्रंथही. आपलं सूत्र तसंच, आधी दोरा, मग पाणिनीचं व्याकरण. लॅटिनमध्येही 'लिनेआ' दोरीवरून रेघेवर आणि रेघेवरून लिहिलेल्या ओळीवर गेली. या भाषांनी एकमेकींची नक्कल केली असं मी म्हणत नाही. जिथे माणसं सूत कातत होती तिथे विचारही सुताच्याच आधारानं पुढे सरकला, एवढं मला दिसतं.

तुम्ही शेतकरी, म्हणून एक अर्थ खास तुमच्यासाठी. बायबलमधल्या सोळाव्या स्तोत्रात, १६११ च्या इंग्रजी भाषांतरात, 'माझ्या वाट्याच्या लाईनी रम्य जागी पडल्या' अशा अर्थाचं वाक्य आहे. ही लाईन म्हणजे जमीन मोजायची दोरी. दोरी पडली तिथे वाटा पडला. त्याच भाषांतरात करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात 'दुसऱ्याच्या लाईनीत' असे शब्द आहेत. तिथे मूळ ग्रीक शब्दाचा रोख हद्दीकडे आहे. पण वाचणाऱ्यांनी तो कामाचं क्षेत्र असा घेतला, आणि लाईन म्हणजे धंदा हा अर्थ तिथूनच वाढला असावा असं इंग्रजी कोशकार मानतात. म्हणजे सतराव्या शतकापासून इंग्रज माणूस आपल्या धंद्याला लाईन म्हणतो आहे.

हे सांगताना माझा आवाज जरा चढतो, त्याला कारण आहे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत मला घरच्यांविषयी विचारलं. मी इंग्रजीत म्हणाले, वडील मिलमध्ये आहेत आणि भाऊ टॉवेलच्या लाईनीत आहे. परीक्षक म्हणाले, "ही बाजारातली भाषा इथे नको. टॉवेल लाईनीत वाळत घालतात." वर्गात हशा झाला. दोन महिने मी इंग्रजीच्या तासाला तोंड उघडलं नाही. मग लायब्ररीतला जाडा कोश उघडला आणि तो अर्थ तिथे छापलेला दिसला. सोलापुरात अजूनही सोयरीक बघताना पहिलं विचारतात, "मुलगा कुठल्या लाईनीत आहे?" हे अस्सल, जुनं इंग्रजी आहे. पुढे पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण बाजारातून शब्द घेऊन आलेल्या एकाही मुलीला मी खाली बसवलं नाही.

आता तुमच्या लाईनीकडे येऊ. न्यूयॉर्कहून लिव्हरपूलला ठरल्या तारखेला जहाजं सोडणारी ब्लॅक बॉल लाईन १८१८ मध्ये सुरू झाली. जहाज भरो न भरो, ते निघणार. त्या काळात ही नवलाची गोष्ट होती. एका वाटेवर एकामागून एक जाणारी जहाजं, म्हणून लाईन. मग रुळांची लाईन आली. मुंबईकडून निघालेली जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोचली, आणि आपल्या तोंडात हा शब्द इतका बसला की आज इथल्या एका वस्तीचा पत्ताच 'रेल्वे लाईन्स' आहे. रुळांच्या कडेनं खांब उभे राहिले, त्यांच्यावर तारायंत्राची तार चढली, पुढे टेलिफोनची, मग विजेची. दादा, इथे जरा थांबून बघा. दोन खांबांच्या मधे ताणलेली तार. लाईन फिरून पुन्हा दोरीवरच आली. तुमच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या खांबावर चढणारा लाईनमन रोमन माणसाच्या अर्थाच्या जितका जवळ आहे, तितका वहीत रेघ ओढणारा तुमचा नातूही नाही.

राहिली नातवाची 'रात्रीची रेघ' ही शंका. तो म्हणेल, तार तर जागच्या जागी असते, ती जाते-येते कशी? त्याला विचारा, सोलापुरात मावशीकडे गेल्यावर काय ऐकतोस? काही दिवसांआड पाणी येतं तेव्हा गल्लीत हाक उठते, "नळ आला!" नळ भिंतीतच असतो, येतं ते पाणी. ज्यातून वाहतं त्याचं नाव वाहणाऱ्याला मिळतं. फोनवर 'लाईन बिझी आहे' म्हणतो तेव्हा तोही हेच करतो. तेव्हा रात्रीची लाईन ही रात्रीचीच लाईन आहे. फक्त विहिरीवर जाताना बॅटरी घेऊन जा, आणि जमलं तर एकट्यानं जाऊ नका.

प्रश्न : ऑफिसमध्ये रोज डेडलाईन ऐकावी लागते. हा शब्द तुरुंगातून आला हे खरं आहे का? (आयटी कंपनीत काम करणारी एक वाचक)

उत्तर : खरं आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे युद्धकैद्यांचा तळ होता, १८६४ मध्ये उघडलेला. मोठ्या कुंपणाच्या आत काही फुटांवर बुटक्या लाकडी काठ्यांची एक हद्द घातली होती. कैद्यानं ती ओलांडली की पहारेकऱ्यानं गोळी घालायची. तिला 'डेड लाईन' म्हणत. त्या तळावर एकंदर पंचेचाळीस हजारांच्या आसपास कैदी आणले गेले आणि त्यातले जवळजवळ तेरा हजार मेले, बहुतेक उपासमारीनं आणि रोगानं. तळाचा अधिकारी हेन्री वर्झ याला नोव्हेंबर १८६५ मध्ये फाशी दिलं. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत हा शब्द बातमी देण्याच्या शेवटच्या वेळेसाठी रुळला. मी तो वापरत नाही. 'मुदत' हा चांगला शब्द आपल्याकडे आहे, आणि मुदत वाढवून मागता येते.

प्रश्न : मी ब्लाउज शिवते. अस्तराला सगळे लायनिंग म्हणतात, पण त्यावर तर एकही लाईन नसते. मग हे नाव का? आणि बटणवाला 'अठरा लाईनचं' बटण देतो, त्यात तरी लाईन कुठली?

उत्तर : ताई, तुमचा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण हा हातात कापड धरणाऱ्या बाईलाच पडू शकतो. लायनिंगचा रेघेशी काही संबंध नाही. युरोपात लोकरीचा जाड कपडा अंगाला टोचू नये म्हणून आतून लिननचा थर लावत. लिनन लावणं म्हणजे लाईन करणं. म्हणून दोन्ही शब्द एकाच जवसाच्या झाडाचे, पण एक दोरीच्या वाटेनं आला आणि दुसरा कापडाच्या. आज तुम्ही रुबिया कापडाचं अस्तर लावा नाहीतर दुसऱ्या कशाचं, नाव लिननचंच राहिलं.

तुम्ही विचारलंत म्हणून एक जुनी टोचणी सांगते. वर्तमानपत्रांत सारखं वाचायला मिळतं, 'काळ्या ढगाला रुपेरी कडा असते.' हे इंग्रज कवी मिल्टनच्या १६३४ मधल्या 'कोमस' या काव्यनाट्यातून आलं. तिथे रानात वाट चुकलेल्या मुलीला वाटतं, काळ्या ढगानं आपलं रुपेरी लायनिंग रात्रीकडे उलटून दाखवलं की काय. म्हणजे कडा नव्हे, अस्तर! वरून काळा झगा, आतून चंदेरी अस्तर, आणि झगा जरा उलटला तेव्हाच ते दिसतं. भाषांतर करणाऱ्यानं ते एखाद्या शिंप्याला विचारलं असतं, तर मराठीला कितीतरी सुंदर चित्र मिळालं असतं. 'रुपेरी कडा' आता रुळली आहे, हे मला मान्य आहे. पण मी माझ्या लिहिण्यात 'रुपेरी अस्तर' असंच लिहिते.

बटणाची लाईन हे मात्र माप आहे. इंग्रजीत पूर्वी इंचाच्या बाराव्या भागाला लाईन म्हणत. आपल्याकडचा सुतार आणि फिटर इंचाच्या आठव्या भागाला 'सूत' म्हणतो, 'दोन सूत कमी कर' असं. तिकडेही दोरा, इकडेही दोरा. बटणाच्या धंद्यात लाईन आणखी बारीक झाली, इंचाचा चाळिसावा भाग. आपल्याकडचे युनिफॉर्म शिवणारे कारखाने याच हिशोबानं माल मागवतात. सोळा लाईनचं बटण दहा मिलिमीटरपेक्षा किंचित मोठं, अठरा लाईनचं साडेअकरा मिलिमीटरच्या जवळ, आणि चाळीस लाईनचं बरोबर एक इंच. पुढच्या वेळी दुकानात मोजपट्टी घेऊन जा आणि बटण मधोमध, भोकांवरून मोजून बघा.