एफडी मोडून जुनी खेळणी घेऊ का?

पुण्यातल्या वारज्याहून एका वाचकाने पत्र पाठवलंय. थोडक्यात असं: "वय 36, आयटीत नोकरी. मुलगी सात महिन्यांची, त्यामुळे बायकोचा पगार सध्या बंद. गृहकर्ज 38 लाख, व्याज साडेआठ टक्के, हप्ता 33,000. घरखर्च 45,000. हाताशी 6 लाखांची एफडी. औंधचे एक संग्राहक कायमचे कॅनडाला निघालेत. त्यांच्याकडे स्टार वॉर्स सिनेमातल्या पात्रांच्या, केनर या खेळणी कंपनीने काढलेल्या जुन्या 14 फिगर, म्हणजे छोट्या बाहुल्या आहेत, तीन कार्डावर पॅकबंद. 4.80 लाख मागतात, निम्मे रोख. म्हणतात, 2024 मध्ये यातलीच एक सव्वापाच लाख डॉलरला गेली, ही पुढची गुंतवणूक आहे. लहानपणी आतेभावाकडचा आर-टू-डी-टू, त्यातला छोटा यंत्रमानव, हातात घेतला होता, तेव्हापासून वेड आहे. महिनाअखेरपर्यंत कळवायचंय. एफडी मोडू का?"

नका मोडू. पण तुमच्या वेडाला मी नावं ठेवणार नाही. बाजीराव रस्त्यावरचं केळकर संग्रहालय ज्या गावात आहे, तिथे जुन्या वस्तू जमवणाऱ्याला वेडा कोण म्हणेल? दिनकर केळकरांनी कित्येक दशकं गावोगाव फिरून वस्तू जमवल्या आणि 1975 मध्ये त्या राज्य सरकारच्या हवाली केल्या. दहा वर्षांनी काय भाव येईल, या हिशेबाने ते जमवत नव्हते. तुम्ही मात्र हौस आणि गुंतवणूक एकाच पिशवीत भरताय, आणि माझी हरकत तेवढीच आहे.

आधी एफडी. तुमचा महिना हप्ता धरून 78,000 चा. 6 लाखांत साडेसात महिने निघतात. 4.80 लाख काढले तर उरतात 1.20 लाख, म्हणजे दीड महिना. घरात एकच पगार, तोही आयटीतला, आणि पाळण्यात बाळ. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. ही एफडी तुम्ही गुंतवणूक समजताय, पण ती घराची ढाल आहे. माझ्या मते निर्णय इथेच झाला.

तरी गुंतवणूक म्हणूनही बघू, कारण पुन्हा कोणीतरी हाच आकडा दाखवेल. सव्वापाच लाख डॉलरची ती फिगर म्हणजे बोबा फेट नावाचं पात्र, आणि तो दुकानात कधी आलाच नव्हता. पाठीवरून रॉकेट सुटणारा तो कंपनीने विक्रीआधी बनवलेला नमुना होता. मुलांच्या सुरक्षेच्या भीतीने कंपनीने ते रॉकेट रद्द केलं आणि मोजकेच नमुने मागे राहिले. तुमच्या 14 फिगरशी त्याचा संबंध नावापुरता आहे.

बाकीच्यांना भाव का आला, तेही समजून घ्या. 1977 मध्ये सिनेमा इतका चालला की केनरकडे नाताळला विकायला खेळणीच तयार नव्हती. त्यांनी कागदी पाकिटात नुसतं कूपन विकलं आणि चार फिगर 1978 मध्ये टपालाने घरी पाठवल्या. मुलांनी त्या फोडल्या, मातीत खेळवल्या, नखाएवढ्या बंदुका हरवल्या. जपून कोणी ठेवल्याच नाहीत, म्हणून पॅकबंद दुर्मीळ झाल्या. 1995 मध्ये नवी मालिका आली तेव्हा मोठ्या माणसांनी "पुढे भाव येईल" म्हणून खोकीच्या खोकी माळ्यावर टाकली. त्यातल्या बहुतेकांना आजही मूळ किमतीच्या आसपासच गिऱ्हाईक मिळतं. शिवाय 1978 ची मुलं आज पन्नाशी ओलांडून गेलीत. दहा-पंधरा वर्षांत तीच आपापले संग्रह विकायला काढतील, तेव्हा घेणार कोण?

आता आकडा. हेच 4.80 लाख साडेआठ टक्क्यांच्या कर्जात भरले असते, तर दहा वर्षांत त्याची किंमत सुमारे 10.85 लाख होते. सोनं लक्ष्मी रोडवर दुपारी नेलं तर संध्याकाळी पैसे खात्यात. खेळण्यांचं खरं गिऱ्हाईक अमेरिकेत. लिलावाचं कमिशन आणि पाठवणीचा खर्च मिळून वीस टक्के धरा, म्हणजे नुसती बरोबरी साधायला साडेतेरा लाखांना विकायला हवीत. त्यात आयात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क 2020 मध्ये 20 वरून 60 टक्के झालं, 2023 मध्ये 70. आपल्याकडच्या भावात असा खर्च मुरलेला असतो, आणि परदेशातला गिऱ्हाईक तो तुम्हाला भरून देणार नाही.

निम्मे रोख म्हणजे 2.40 लाख. एका व्यवहारात 2 लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्यात बसत नाही आणि दंड घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा. विकणारा तरीही रोखच मागत असेल, तर मला ते खटकतं. फिगरमध्ये प्लास्टिकच्या अंगरख्याचा जावा (सिनेमातलं एक बुटकं पात्र) असेल तर दुप्पट सावध राहा. कंपनीने लवकरच तो बदलून कापडी अंगरखा दिला, म्हणून प्लास्टिकवाला महाग. बेन केनोबी या दुसऱ्या पात्राच्या फिगरचा अंगरखा कात्रीने कापून असे जावा बनवले जातात, आणि नवख्या डोळ्याला ते कळत नाही.

माझ्या एका अशीलाने एकदा त्याचा आर-टू-डी-टू माझ्या टेबलावर ठेवला होता. पोटावरचा स्टिकर अर्धा उडालेला. डोकं फिरवलं की कट-कट आवाज यायचा. विकायचा आहे का, विचारलं तर तो चपापलाच. त्याला फक्त तो मला दाखवायचा होता. त्या कट-कटीसाठी पैसे मोजायला माझी ना नाही. हौसेला मोल नसतं, तिला फक्त मर्यादा हवी. दरमहा 2,000 ची वेगळी आरडी उघडा, तिला हौसेचंच नाव द्या, आणि बायको पुन्हा कामावर गेली की रक्कम वाढवा. एफडीला हात लावू नका.

औंधला महिनाअखेरची वाट न बघता आजच फोन करा. संपूर्ण संच नको म्हणून सांगा आणि एकट्या, सुट्या आर-टू-डी-टूचा भाव विचारा. डोकं फिरवून बघायला विसरू नका.