खानदेशात इतक्या जाती-जमाती आहेत. निवडणुकीत आपसात तेढ वाढू नये म्हणून काय करता येईल?

कायदा आहेच. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२३(३): लोकसभा-विधानसभेला धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषेच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट आचार. सिद्ध झालं तर निवडणूक रद्द. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी ठरवलं की उमेदवाराचीच नाही, मतदाराची जात-धर्म काढणंही यात येतं. शिवाय कलम १२५ आहे, तेढ पसरवली तर तीन वर्षांपर्यंत कैद.

पण निकाल लागेस्तोवर गावातलं बोलणं-चालणं बंद झालेलं असतं, त्याचं काय?

यावल-रावेरकडे तडवी भिल्ल आहेत. आदिवासीही आणि मुसलमानही. 'आपण' आणि 'ते' अशी रेघ मारायला जा, ती तिथे वाकडीच पडते. पुढाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं, भाषणात विसरतात एवढंच.

आमच्या गावच्या ग्रुपवर मागे रात्री अकराला दंगलीचा व्हिडिओ आला. एका म्हाताऱ्या आप्पांनी अहिराणीत एवढंच विचारलं, "हाई कोठलं शे भो?" (हे कुठलं आहे, भाऊ?) टाकणाऱ्याला सांगता येईना. पाच मिनिटांत त्याने तो काढला. सुरुवात मी तरी या प्रश्नापासून करेन.